बोदराज, औरंगाबाद

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय एका शब्दात कळवला: खूण. मी वहीत गोंदण, धोब्याची कपड्यावरची शाई, मेंढरांच्या कानांचे काप असं काहीबाही लिहून ठेवलं. त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका ओळखीच्या काकांचा फोन आला. माळा आवरताना आजोबांचा चाकू सापडलाय, त्यावर इंग्रजीत काहीतरी ठोकलंय, येऊन बघता का?

चाकू धोतराच्या फडक्यात होता, वर सुतळीचे वेढे. गाठ इतकी जुनी की शेवटी काकांनी ती दातांनी सोडवली. आत सातेक इंची पातं, सांबरशिंगाची मूठ, दोहोंच्या मध्ये पांढरट धातूची आडवी पट्टी आणि सुकून पापड झालेलं चामड्याचं म्यान. मूठ हातात किंचित हलत होती. मुठीलगत पात्यावर इंग्रजी ठशांत दोन ओळी. वर ‘बोदराज’, खाली ‘औरंगाबाद’.

घरात या चाकूच्या तीन कथा नांदत होत्या. काकांच्या वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे, निजामाच्या जंगलखात्यात कन्नडला नोकरीला असलेल्या आजोबांना कुणा गोऱ्या साहेबानं तो जाताना बक्षीस दिला. धाकट्या आत्याच्या मते आजोबांनी यानंच वाघ मारला होता. आणि काकांच्या मुलानं इंटरनेटवर पाहून ठरवलं होतं की पातं ‘शिवकालीन’ आहे, इंग्रजी अक्षरं मागाहून कुणीतरी ठोकली. आपल्याकडे माळ्यावरून खाली येणारं प्रत्येक पातं एकदा तरी शिवकालीन ठरतंच.

आधी नाव झाका

एका संग्रहालयात तीसेक वर्षं जुन्या हत्यारांची देखभाल केलेल्या एक ताई आहेत. निवृत्तीनंतरही लोक त्यांच्याकडे कट्यारी आणि अडकित्ते घेऊन जातात. मी चाकू पुढे ठेवला, तर त्यांनी पहिल्यांदा कागदाची चिठ्ठी फाडून त्या दोन ओळींवर ठेवली. म्हणाल्या, “नाव एकदा वाचलं की माणूस पुढचं सगळं त्या नावाला जुळवून बघतो.”

मग त्यांनी चाकू पाठीकडून डोळ्यांसमोर धरला, बंदुकीची नळी बघावी तसा. पाठ मुठीपाशी जाड होती आणि टोकाकडे एकसारखी निमुळती होत गेली होती. कारखान्यात पत्र्यातून कापून काढलेल्या पात्याची जाडी सहसा मुठीपासून टोकापर्यंत तीच राहते. इथं लोखंड तापवून, घणाखाली ताणून नेलेलं होतं. पात्याच्या दोन्ही अंगांना धारेकडचा उतार जिथं सुरू होतो ती रेघ त्यांनी मला नखानं दाखवली. उजवीकडची रेघ डावीपेक्षा जवभर खाली होती. कानशीनं किंवा सहाणीवर डोळ्याच्या अंदाजानं काढलेला उतार असा फसतो.

रंग काळसर, मध्येच निळी झाक, काही ठिकाणी गंजाचे खड्डे. म्हणजे साधं पोलाद. न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये काढलं आणि सुऱ्या-काट्यांत ते त्यानंतर शिरलं. अर्थात साध्या पोलादाचे चाकू आजही होतात, त्यामुळे एवढ्यावरून वय ठरत नाही. पण भिंगाखाली पाठीलगत एक गंमत दिसली. तिरप्या, समांतर, केसाएवढ्या रेघांचा एक पट्टा, अर्धवट पुसलेला.

“कानस,” ताई म्हणाल्या. “हे पातं आधीच्या जन्मी कानस होतं. दाते पूर्ण घासले गेले नाहीत.”

आज आपले लोहार ट्रकच्या पाट्याचा कोयता करतात, त्यातलाच हा प्रकार. पाट्याचं पोलाद चांगलं, हे लोहाराला ठाऊक असतं, कारण खडबडीत रस्त्यावर ते आधीच पारखलं गेलेलं असतं. विलायती कानस ही त्या काळातली तशीच हमखास चीज. या मुलखात एकेकाळी मुशीत पोलाद शिजवलं जाई. तेलंगणातलं कोनसमुद्रम, तमिळनाडूतलं सेलम ही त्याची नावाजलेली ठिकाणं. त्या पोलादाच्या पात्यावर हिराकशीचं पाणी फिरवलं की लाटा उमटत. काकांच्या चाकूवर तसल्या लाटा नाहीत. विलायती पोलादाच्या कांबी स्वस्तात बंदरांवर उतरू लागल्या आणि मुशी थंड पडल्या, त्यानंतरचा हा चाकू.

मधली आडवी पट्टी जर्मन सिल्व्हरची. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी गुंजभरही नसते. तांबं, जस्त आणि निकेल. पट्टीतली खाच पात्यापेक्षा मोठी पडलेली, उरलेली फट झाळून भरलेली. मुठीच्या तोंडाशी तांबूस-काळं काहीतरी बाहेर डोकावत होतं. ताईंनी ते हुंगलं. लाख. आपल्याकडच्या तलवारी-कट्यारींच्या मुठींत पात्याचं शेपूट लाखेनं किंवा राळेनं बसवायची जुनी रीत.

तेव्हा कुठं त्यांनी चिठ्ठी उचलली. अक्षरं एका ठशातली नव्हती. एकेक अक्षराचा वेगळा ठसा हातोडीनं मारलेला. ‘जे’ पुढं झुकलेला, ‘डी’ दोनदा मारल्यानं दुहेरी. ठसे मारणाऱ्याला ती लिपी येत होती का, असा प्रश्न मला पडला. ताई म्हणाल्या, “मूठ सुटलीच आपसूक, तर आत बघा. नाही सुटली तर ओढू नका. आणि पॉलिश तर बिलकूल नको.”

साहेब आणि डुक्कर

बोदराजचं नाव माहितगारांना नवं नाही. औरंगाबादच्या बोदराजचे भाले आणि शिकारी सुरे आजही विलायतेतल्या लिलावांत निघतात. काळ साधारण एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्याची सुरुवात. त्याच्याच तोडीचं दुसरं नाव सेलमचं. तमिळ अरुणाचलम इंग्रजी ठशांत ‘अर्नाचेलम’ झाला आणि तसाच राहिला. आपला बोदराजही मुळात बोधराज असावा असं मला वाटतं. इंग्रजी ठशात ‘द’ आणि ‘ध’ यांचा निवाडा होत नाही.

पण औरंगाबादेतच का? हिमरू आणि मशरू या कापडांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात साहेबाच्या शिकारीची हत्यारं कशी बनू लागली?

उत्तर छावणीत आहे. शहराच्या पश्चिमेला, खाम नदीपलीकडे हैदराबाद कंटिंजंटचा तळ होता. नाव निजामाचं, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि खर्च पुन्हा निजामाच्या माथी. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, हे वऱ्हाडी वाचकाला सांगायला नको. फौजेत घोडदळ मोठं. घोडा, मोकळं माळरान आणि रिकामा वेळ असलेला तरुण इंग्रज अधिकारी एकत्र आला की एकच खेळ सुचत असे, डुकराच्या मागे घोडा घालणं.

हा खेळ आपल्याला ऐकून माहीत असतो, पण त्याचे नियम चमत्कारिक होते. रानडुक्कर घोड्यावरून, भाल्यानंच मारायचं. जिथं घोडा दौडू शकतो तिथं डुकरावर गोळी झाडणं हे त्या मंडळींत जातीबाहेर टाकण्याजोगं पाप. ज्याच्या भाल्याला पहिलं रक्त लागेल, सुळे त्याचे. डुक्कर नंतर कुणीही मारो. पुढे स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलनं १८८३ मध्ये या खेळातला मानाचा मेरठचा कादिर कप जिंकला आणि १८८९ मध्ये या शिकारीवर आख्खं पुस्तक लिहिलं. बंगालकडे आखूड, बुडाशी शिसं भरलेला भाला वरून खाली खुपसत. मुंबईकडे लांब भाला काखेखालून पुढे धरत. काठी मानवेल बांबूची, भरीव. फाळ अगदी लहान, बांबूच्या पानासारखा.

सगळी मदार त्या पानावर. दौडत्या घोड्यावरून शंभर-सव्वाशे किलोच्या चवताळलेल्या जनावरावर भाला आदळतो, तेव्हा पान वाकलं तर भाला निसटतो आणि जास्त कडक असेल तर तुटतो. पोलादाला पाणी देताना दोन्हींचा मेळ साधायचा असतो. पातं लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं. मग ते पुन्हा मंद आचेवर धरून कडकपणा थोडा उतरवायचा. चमकदार केलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. हव्या त्या रंगाशी हात थांबवायचा. थर्मामीटर नाही, डोळाच. म्हणून लोहाराची भट्टी अंधारी असते. उजेडात रंग फसवतात.

ज्या हाताला हे भाल्यात जमलं, त्याला शिकारी सुरा अवघड नव्हता. शिकार संपल्यावर सोलायला, कापायला तो लागायचाच. अधिकाऱ्यांच्या बदल्या होत, भाला आणि सुरा त्यांच्याबरोबर मेरठ, महू, पेशावरला जात. तिथल्या मेसमध्ये दुसरा विचारी, कुठून घेतलास? अशा वेळी पात्यावर दोनच शब्द लागतात, दुकान आणि गाव. १८७७ पासून हिंदुस्थानच्या टपालखात्यानं व्ही.पी. सुरू केली होती. चिठ्ठी टाकायची, पार्सल आलं की पैसे मोजायचे. आमच्या चाकूवरच्या त्या दोन ओळींकडे मी सही म्हणून बघत होतो. तो खरं तर पत्ता होता.

तीन घरं पलीकडे

गावच्या लोहारानं कधी विळ्यावर नाव घातलं नाही. गरजच नव्हती. गिऱ्हाईक तीन घरं पलीकडे राहायचं. विळा बोथट निघाला तर तो परत भात्यापाशी यायचा, सोबत शिव्याही. फाळ शेवटून द्यायचा, खुरपं वळवून द्यायचं, आणि मोबदला खळ्यावर, बलुत्यात. कुणी केला हे सगळ्या गावाला ठाऊक असताना ठसा कुणासाठी मारायचा?

गिऱ्हाईक अनोळखी झालं की ठसा येतो. शेफील्डच्या सुरी-कारागिरांची कंपनी १६२४ मध्ये कायद्यानं स्थापन झाली आणि खुणांच्या नोंदी ठेवू लागली, ती माल दूरदूर जाऊ लागल्यामुळेच. तिथला जोसेफ रॉजर्स आपल्या घराघरांत पोचला तो तारा आणि क्रूस या खुणेवर. आपल्या राजेरजवाड्यांच्या शस्त्रागारांत उलटा प्रकार. तिथं हत्यारावर मालकाचं नाव असतं. १६८९ मध्ये बिकानेरच्या अनूपसिंगानं मोगलांच्या बाजूनं अदोनी घेतली, तिथून नेलेल्या हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी नोंदी कोरलेल्या आहेत. कारागीर कोण, याचा त्यात पत्ता नाही.

मग सही करणारे नव्हतेच का? होते, पण तोफा ओतणारे. विजापूरची मलिक-ए-मैदान आपल्याच अहमदनगरला ओतली, आणि तीवर मुहम्मद बिन हसन रूमी हे नाव आहे. दौलताबादच्या मेंढा तोफेवर मुहम्मद हुसेन अरब. तोफ ओतणारा बादशहाच्या पगारावर होता, दरबारी माणूस. चाकूवाला बाजारातला. मोठ्या हत्याराला नाव मिळतं आणि लहानाला मिळत नाही, याचा संबंध कसबापेक्षा पगारपत्रकाशी जास्त आहे.

नाव विकत मिळतं

नावावर विसंबू नये याचं दुसरं कारण रोकडं आहे: नावं चोरली जातात. इराणी पात्यांवर ‘अमल-ए-असदुल्ला’, म्हणजे ‘असदुल्लाचं काम’, असा शिक्का इतक्या वर्षांचा आणि इतक्या हातांचा सापडतो की त्या सगळ्या तलवारी एका माणसाच्या मानायच्या तर त्याला कित्येक जन्म घ्यावे लागतील. युरोपात आंद्रेआ फेरारा या नावाचं तेच झालं. जिनोआच्या पात्यांवरच्या पापण्यांसारख्या दोन दातेरी कमानी जर्मनीत उचलल्या, कॉकेशसमध्ये उचलल्या आणि आपल्याकडेही. फिरंगी पात्याला किंमत होती म्हणून फिरंगी खूण.

शिवाय नाव करणाऱ्याचं असेलच असंही नाही. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्हीची इमारत आहे ना, त्या दुकानाच्या विलायती मालावर दुकानाचं नाव असे. घण मारणारा शेफील्डच्या कुठल्या गल्लीत होता ते दुकानालाच माहीत. बोदराजही एकटाच भाता ओढत बसला असेल असं मानायला आधार काय?

अर्थात नाव नीट वाचलं तर ते कामालाही येतं. अमेरिकेत बॉब लव्हलेस नावाचा मोठा चाकूकार होऊन गेला (१९२९–२०१०). न्यूयॉर्कच्या दुकानात हवा तो चाकू मिळायला महिनोन् महिने थांबावं लागेल असं ऐकून यानं स्वतःच चाकू केला आणि पुढे त्याच दुकानाला विकू लागला. त्याचे सुरुवातीचे चाकू ‘डेलावेअर मेड’ या शिक्क्याचे, नंतरच्यांवर कॅलिफोर्नियातल्या गावांची नावं. गाव वाचलं की काळ कळतो. आमच्या चाकूवरही असा एक धागा आहे. ‘औरंगाबाद’च्या ‘आर’नंतर ‘यू’ नसून ‘ए’ आहे. जुने इंग्रज तिथं ‘यू’ लिहीत. ‘ए’ची रीत देशी नावं रोमन लिपीत लिहिण्याच्या हंटरच्या पद्धतीनं आणि गॅझेटिअरांनी १८७०–८० नंतर रुजवली. लोक सवयीनं जुनं लिहीतच राहिले, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण कानशीचं पोलाद, जर्मन सिल्व्हर आणि हा ‘ए’ एकाच दिशेला बोट दाखवतात.

एक गोष्ट जाता जाता. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली आणि आपल्याकडे केवढा वाद झाला. त्या वाघनखांची कथा लिहिलेली आहे ती सोबतच्या डबीवर. संग्रहालयानं स्वतः ती पडताळून पाहता येत नसल्याचं म्हटलं आहे. ते आठवून मी काकांच्या म्यानाकडे वळलो. म्यानाची मूळ शिवण हातशिवण, जाड दोऱ्याची. टोकाकडे मात्र तीन बोटं लांब नवी शिवण, यंत्राची, आणि ते चामडंही वेगळं. म्हणजे म्यान दुरुस्त करून वापरलं होतं, आणि तेही बऱ्याच उशिरा. मी काकांना विचारलं, तर ते जरा ओशाळून म्हणाले, “आई यानं फणस कापायची. पुढं मीच ते म्यान मोच्याकडून शिवून आणलं होतं.” वाघ, साहेब आणि शिवकाल या तीन कथांत फणस कुठंच नव्हता.

छावणीत

चाकू घेऊन मी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला गेलो. पातं नऊ इंचांच्या आत आणि दोन इंचांहून अरुंद, त्यामुळे शस्त्रकायद्याच्या यादीत ते येत नाही. तरीही एसटीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. त्याआधी पुण्याच्या जुन्या बाजारात एकानं पात्याचा फोटो बघून दर सांगितला होता. त्याला सांगावं लागलं की शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, ती परवाना नसलेल्यानं विकायची नसते, आणि सांबरशिंगाचा व्यापार तर बंदच आहे. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

छावणीच्या बाजारात धार लावणारे एक चाचा बसतात. खाटकांचे सुरे, शिंप्यांच्या कात्र्या. वडील-आजेही याच धंद्यात. मी चाकू पुढे केला, तर त्यांनी नावाकडे न बघता अंगठ्याचं नख धारेवर आडवं टेकवलं, मग पात्याला टिचकी मारून कानाशी धरलं.

“नाम का क्या करना साब,” ते म्हणाले, “आवाज सुनो.”

त्यांचा दुसरा हात तोवर चाकाच्या स्विचवर गेला होता. मी जवळजवळ ओरडलोच, नको! धार लावायची नाही! ते थांबले. दुकानातली पोरं हसायला लागली. धार लावायची नाही तर चाकू आणलाच कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं पटण्याजोगं उत्तर नव्हतं. मग त्यांनी मूठ हलवून बघितली. “लाख छूट गई है. बिठा देता.”

ताईंचे शब्द आठवत होते. मूठ आपसूक सुटली तर. पण मी मान डोलावली. हे मी ताईंना अजून सांगितलेलं नाही; अंक हातात पडेल तेव्हा त्यांना कळेलच.

चाचांनी शेगडीत चार निखारे फुंकले, मूठ त्यावर वीतभर उंच धरून फिरवत राहिले, फुलका शेकावा तशी. देवळातल्या उदासारखा, जरा कडवट वास आला. मग फडक्यात पातं धरून एक हलका हिसका, आणि इतक्या वर्षांनी शेपूट बाहेर आलं. बाहेर जेवढी सफाई, आत तेवढाच निष्काळजीपणा. घणाचे घाव तसेच, कानस फिरवलेलीच नाही. आणि काळ्या शेपटाच्या एका कडेला तीन खाचा. कानशीच्या कोपऱ्यानं घेतलेल्या, शेजारी शेजारी.

मी आडव्या पट्टीची आतली बाजू उजेडात धरायला सांगितली. तिथंही तीन. मुठीच्या शिंगाच्या तोंडाशी लाख खरवडली, तर तिथंही.

“जोडी का निशान,” चाचा म्हणाले. “दस नग साथ में बने तो किसका दस्ता किसकू, भूल पडती ना.”

म्हणजे हा चाकू एकटा जन्मलेला नव्हता. एक खाच, दोन खाचा, चार खाचा असलेले त्याचे भाऊ त्याच फळीवर पडलेले होते. एक माणूस पाती ठोकत होता, दुसरा बहुधा शिंग कापत आणि पट्ट्या बसवत होता. हे त्यांचं आपसातलं बोलणं होतं, मेरठच्या साहेबानं वाचायचं नव्हतं, म्हणून ते लाखेखाली झाकलेलं. काका ज्याला ‘खास आजोबांसाठी बनवून घेतलेला’ म्हणतात तो चाकू एका घाण्यातला निघाला. हे त्यांना फोनवर सांगितलं, तर ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “बाकीचे कुठं असतील हो?”

चाचांनी लाखेची कांडी वितळवून मुठीत ओतली, शेपूट तापवून आत सरकवलं आणि निखाऱ्यांपासून दूर, पाण्यात न बुडवता, नुसतं हातात धरून गार होऊ दिलं. मूठ घट्ट बसली. पण मला ती जराशी डावीकडे कललेली वाटली. मी तसं म्हणालो.

त्यांनी चाकू पाठीकडून डोळ्यासमोर धरला, अगदी ताईंनी धरला होता तसाच, आणि पट्टीवरची एक जुनी, घासून गुळगुळीत झालेली कड मला दाखवली.

“पहले से तिरछाच है,” ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कात्री उचलली.